पोलीस अधीक्षकांची सही

२७ फेब्रुवारी २०१९ या दिवशी महाराष्ट्रातलं जवळजवळ प्रत्येक घर टीव्हीसमोर होतं. आदल्या पहाटे भारतीय हवाई दलानं बालाकोटवर हल्ला केला होता आणि आता पाकिस्तानी विमानं सीमेवर येऊन धडकली होती. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात सापडल्याची बातमी त्याच दिवसाची. बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं तेही त्याच सकाळी. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मरण पावला. हे हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं, ही मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुखांनी पुढे काही महिन्यांनी मान्य केलं.

त्या दिवशी नाशिकमध्येच आणखी एक घटना घडली, पण तिच्याकडे लक्ष जायला कुणाला सवड नव्हती. तिथल्या विशेष टाडा न्यायालयानं अकरा मुस्लिम आरोपींची निर्दोष मुक्तता केली. बाबरी मशीद पाडल्याचा सूड घेण्यासाठी घातपाताचा कट रचला आणि त्यासाठी काश्मीरमध्ये प्रशिक्षण घेतलं, असा त्यांच्यावर आरोप होता. भुसावळचं नाव जोडल्या गेलेल्या या प्रकरणात २८ मे १९९४ रोजी महाराष्ट्रात ठिकठिकाणांहून त्यांना पकडण्यात आलं होतं. पुरावा नाही आणि टाडातल्या तरतुदी पाळलेल्या नाहीत, या कारणांवर ते सुटले. अटकेपासून निकालापर्यंत २४ वर्षं ९ महिने गेले.

एकाच दिवशी एकाच शहराशी जोडलेल्या या दोन घटना. दहशतवादाविरुद्धच्या लढाईत एका घरातला मुलगा गेला आणि अकरा घरांची पाव शतकाची उमेद गेली. संसदेत, प्रचारसभांत आणि वाहिन्यांवर या लढाईबद्दल सतत भांडण चालू असतं. कोण कणखर आणि कोण मवाळ, एवढाच त्या भांडणाचा विषय असतो. किंमत किती, ती कुणी मोजली आणि त्या किमतीत काय पदरात पडलं, हा हिशेब मात्र मांडला जात नाही. खानदेशातून पाहिलं तर तो मांडता येतो, कारण या कहाणीतली बरीच माणसं आणि गावं याच पट्ट्यातली आहेत.

आधी टाडा म्हणजे काय ते पाहू. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर, पंजाब पेटलेला असताना, १९८५ मध्ये हा कायदा आला आणि १९८७ मध्ये तो अधिक कडक स्वरूपात पुन्हा मंजूर झाला. साध्या फौजदारी कायद्यात पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीजबाबाला पुरावा म्हणून किंमत नसते. ब्रिटिशांच्या काळापासूनचं हे बंधन आहे, कारण कोठडीत माणसाकडून काहीही वदवून घेता येतं. टाडाच्या कलम १५ नं हे बंधन काढलं. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेला कबुलीजबाब कोर्टात चालू लागला. जामीन जवळपास अशक्य झाला, कारण आरोपी निर्दोष असल्याचं मानायला जागा आहे असं न्यायाधीशांना सुरुवातीलाच वाटल्याशिवाय तो देता येत नव्हता.

परिणाम लवकरच दिसला. देशभरात ७६ हजारांहून अधिक लोक या कायद्याखाली आत गेले आणि शिक्षा त्यांतल्या मोजक्याच लोकांना झाली. दहशतवादाचा फारसा उपद्रव नसलेल्या गुजरातमध्येही हजारो लोकांवर टाडा लागला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी १९९५ च्या सुरुवातीला खासदारांना पत्र लिहून या कायद्याची मुदत वाढवू नका, अशी विनंती केली. २३ मे १९९५ रोजी टाडा संपला.

पण कायदा संपला तरी त्याखाली आधी उभे राहिलेले खटले संपत नाहीत. तशी तरतूद टाडातच करून ठेवलेली होती. म्हणून भुसावळ प्रकरणातल्या अकरा जणांवर, अटकेनंतर वर्षभरातच इतिहासजमा झालेल्या कायद्याखाली पुढची पावणेचोवीस वर्षं खटला चालत राहिला. भुसावळहून नाशिकला कोर्टाच्या तारखेला जायचं म्हणजे जळगाव, पाचोरा, चाळीसगाव, मनमाड करत अडीचशे किलोमीटर गाठायचे. कामावर खाडा, वकिलाची फी, गाडीभाडं. या काळात तिशीतला माणूस पंचावन्नचा होतो, त्याच्या मुलांची लग्नं होतात आणि सोयरीक जुळवताना समोरची मंडळी विचारतात, ‘ती केस अजून चालू आहे का?’ निर्दोष ठरल्यावर त्या वर्षांची भरपाई मागायला आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही.

या कायद्यात गैरवापराला आळा घालण्याची एक सोय होती, आणि तिच्याकडे थोडं बारकाईनं पाहायला हवं. १९९३ मध्ये दुरुस्ती करून टाडात कलम २०-अ घालण्यात आलं. जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय या कायद्याखाली गुन्ह्याची नोंदच करायची नाही, असं त्याच्या पहिल्या पोटकलमात स्पष्ट लिहिलं होतं. फौजदारानं परस्पर टाडा लावायचा नाही. कागदपत्रं अधीक्षकांसमोर ठेवायची, त्यांनी ती वाचायची, स्वतःचं डोकं चालवायचं आणि मगच सही करायची.

ती सही म्हणजे नुसता सोपस्कार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं दोनदा बजावलं. १९९५ मधल्या अनिरुद्धसिंहजी जाडेजा प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की हा अधिकार अधीक्षकांनी स्वतः वापरायचा आहे, वरून आलेल्या आदेशावर मान डोलवायची नाही. २०१२ च्या अशरफखान प्रकरणात अहमदाबादचे अकरा आरोपी सुटले ते नेमक्या याच मुद्द्यावर, अधीक्षकांची पूर्वपरवानगी नव्हती म्हणून. केवळ अमुक नावाचा म्हणून आपल्याला दहशतवादी ठरवलं गेलं, असं कुणालाही वाटता कामा नये, याची जबाबदारी पोलिसांवर आहे, असं त्या निकालात खंडपीठानं आवर्जून नोंदवलं. तो खटला १९९४ चा होता. म्हणजे तिथेही अठरा वर्षं गेलीच. संरक्षण कागदावर होतं, पण ते मिळालं खटल्याच्या शेवटी, जेव्हा त्याचा उपयोग जवळपास संपलेला असतो.

आता दुसरी बाजू, आणि तीही खानदेशातलीच. जळगावच्या न्यायालयात सरकारी वकील म्हणून सुरुवात केलेले उज्ज्वल निकम १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात विशेष सरकारी वकील झाले. १२ मार्च १९९३ च्या त्या साखळी स्फोटांत २५७ माणसं मारली गेली. हा खटलाही टाडाखालीच चालला. न्यायाधीश प्रमोद कोदे यांच्यासमोर शंभर जण दोषी ठरले आणि त्यात कबुलीजबाबांचा मोठा वाटा होता. कडक कायद्याचे समर्थक हाच दाखला देतात. कटाचा सूत्रधार परदेशात, साक्षीदार घाबरलेले, पुरावा दारूगोळ्यासोबत जळून गेलेला. अशा गुन्ह्यात साधे नियम कसे पुरतील? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उडवून लावणं म्हणजे त्या २५७ घरांची थट्टा आहे. पण याच यशस्वी खटल्याचे निकाल यायला २००६-०७ उजाडलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम शब्द २०१३ मध्ये आला. कडक कायद्यानं न्याय लवकर मिळतो, ही समजूत त्याच्या सर्वात मोठ्या यशातही खरी ठरत नाही.

निकमांनी पुढे मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबचा खटला चालवला. तुरुंगात कसाबनं मटण बिर्याणी मागितली, ही बातमी देशभर गाजली होती. ती आपण रचून सांगितली, असं निकमांनी २०१५ मध्ये जयपूरमध्ये जाहीरपणे कबूल केलं. कसाबबद्दल निर्माण होऊ लागलेली सहानुभूती मोडून काढण्यासाठी तसं केलं, असा त्यांचा खुलासा होता. कसाबविरुद्धचा पुरावा इतका भक्कम होता की त्याला बिर्याणीची जोड लागण्याचं काहीच कारण नव्हतं. तरीही त्या एका वाक्यानं वर्षानुवर्षं निवडणुकीची भाषणं रंगली. दहशतवादावरचं आपलं राजकारण कशावर पोसलं जातं, हे त्यातून कळतं.

खानदेशाचं आणखी एक नाव म्हणजे प्रतिभाताई पाटील. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महिनाभरात संसदेनं दोन कायदे मंजूर केले. एकानं राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे एनआयए, उभी केली. दुसऱ्यानं १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, यूएपीएमध्ये, जामीन कठीण करणारी आणि आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत नेणारी कलमं घातली. डिसेंबर २००८ च्या अखेरीस या दोन्हींवर राष्ट्रपती म्हणून सही झाली ती जळगाव जिल्ह्याच्या या लेकीची.

या कायद्यांवर पक्षापक्षांत झालेली भांडणं ऐकली तर वाटतं, दोन टोकांची धोरणं एकमेकांशी झुंजत आहेत. प्रत्यक्षातली नोंद वेगळी आहे. वाजपेयी सरकारनं पोटा हा नवा दहशतवादविरोधी कायदा आणला तेव्हा राज्यसभेनं तो फेटाळला. मग २६ मार्च २००२ रोजी संयुक्त अधिवेशनात तो ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर झाला. काँग्रेसनं विरोध केला आणि सत्तेवर येताच २००४ मध्ये पोटा रद्द केला. त्याच काँग्रेसच्या सरकारनं २००४ आणि २००८ मध्ये पोटातल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएत बसवल्या. २०१९ मध्ये एखाद्या संघटनेप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी जाहीर करण्याचा अधिकार सरकारनं घेतला, तेव्हा राज्यसभेत काँग्रेसनं बाजूनं मतदान केलं. महाराष्ट्राचा मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा १९९९ मधला, युतीच्या काळातला. तो पुढच्या आघाडी सरकारांनीही तितक्याच सढळ हातानं वापरला. विरोधात असताना ज्याला काळा कायदा म्हटलं, सत्तेत आल्यावर तोच कामाला लावला, ही सर्वांचीच चाल आहे.

आणि निष्पत्ती? केंद्र सरकारनंच फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यसभेत आकडे दिले: २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि याच काळात १३२ जण दोषी ठरले. ज्यांना अटक झाली त्याच लोकांचा निकाल याच काळात लागला असं नाही, त्यामुळे हे प्रमाण काढताना सावध राहायला हवं. तरीही निकालाविना थांबलेल्यांची रांग किती लांब आहे, हे सांगायला हे आकडे पुरेसे आहेत. अशा वेळी खटला चालण्याआधीचा तुरुंगवास हीच शिक्षा होऊन बसते. यूएपीएखालच्या एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्यावरचा आरोप खरा की खोटा, हे कोणत्याही न्यायालयानं तोवर ठरवलेलं नव्हतं.

जुलै २०२५ हा महिना तर महाराष्ट्रानं विसरू नये असा होता. १० तारखेला विधानसभेनं विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानानं मंजूर केलं. त्याच आठवड्यात निकम यांची राज्यसभेवर नियुक्ती जाहीर झाली. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. त्यांतल्या पाच जणांना खालच्या कोर्टानं फाशी सुनावली होती. एक जण करोनाकाळात तुरुंगातच मरण पावला होता. मोक्काखाली घेतलेले कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि गुन्हा सिद्ध करण्यात सरकार पक्ष पूर्ण अपयशी ठरला, असं न्यायालयानं म्हटलं. ३१ तारखेला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयानं २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या, प्रज्ञासिंह ठाकूर आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांच्यासह, सातही आरोपींची मुक्तता केली. त्या स्फोटात सहा जण मेले होते. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले आणि त्यांतले तीसहून अधिक उलटले.

दोन निकालांमध्ये दहा दिवसांचं अंतर. पहिल्यावर एका बाजूनं पेढे वाटले आणि दुसरी संतापली. दुसऱ्यावर नेमकं उलटं झालं. लोकल स्फोटांच्या निकालाविरुद्ध राज्य सरकारनं लगोलग सर्वोच्च न्यायालय गाठलं. २४ जुलैला न्यायालयानं सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही. मालेगावच्या निकालाविरुद्ध मात्र उच्च न्यायालयाची पायरी चढले ते मृतांचे नातेवाईक, स्वतः.

या सगळ्या गदारोळात एक प्रश्न बाजूलाच राहिला. लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत बॉम्ब ठेवले कुणी? मालेगावच्या भिक्कू चौकात स्फोट घडवला कुणी? १८० हून अधिक प्रवाशांची घरं आणि मालेगावची सहा घरं यांना आज उत्तर नाही. चुकीच्या माणसाला आत टाकलं की खरा गुन्हेगार बाहेर राहतो. आरोपीचे हक्क आणि बळींना न्याय ही दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली येतं, असं सांगितलं जातं. ते खोटं आहे. तपास ढिला असेल तर दोघंही एकत्रच बुडतात.

रणभूमीवरची किंमत वेगळीच, आणि ती खानदेशाच्या उंबऱ्यापर्यंत येते. २९ सप्टेंबर २०१६ ला नियंत्रण रेषेपलीकडच्या सर्जिकल स्ट्राइकची घोषणा झाली. पुरावा द्या म्हणणारे आणि पुरावा मागणं हाच देशद्रोह म्हणणारे, असे दोन तट पडले. त्याच दिवशी धुळे तालुक्यातल्या बोरविहीरचा चंदू चव्हाण हा राष्ट्रीय रायफल्सचा जवान नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या हाती सापडला. आईवडिलांमागे ज्या आजी-आजोबांनी त्याला वाढवलं, त्यांतली आजी ही बातमी ऐकून धक्क्यानं गेली. धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते, त्यामुळे सुटकेच्या प्रयत्नांकडे सगळ्या जिल्ह्याचे डोळे लागले होते. २१ जानेवारी २०१७ ला वाघा सीमेवरून तो परतला. पुढे लष्करी न्यायालयानं त्याला शिक्षा सुनावली. स्ट्राइकवर चित्रपट निघाला, निवडणुका झाल्या; बोरविहीरच्या त्या घराचा हिशेब कोणत्याच भाषणात आला नाही.

२६ नोव्हेंबर २०२० ला श्रीनगरजवळ दहशतवाद्यांच्या गोळीबारात चाळीसगाव तालुक्यातल्या पिंपळगावचा अवघ्या विशीतला जवान शहीद झाला. त्याही आधी, डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर ऑपरेशन पराक्रमखाली सुमारे दहा महिने लाखो जवान सीमेवर उभे होते. युद्ध झालंच नाही, तरी सुरुंग आणि अपघातांत शेकडो जवान मेले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाममध्ये मारल्या गेलेल्या २६ जणांत सहा महाराष्ट्रातले होते. त्यानंतरच्या ऑपरेशन सिंदूरवर लोकसभेत जुलैअखेर जी चर्चा झाली, तिचा बराच वेळ शस्त्रसंधी कुणाच्या सांगण्यावरून झाली या वादात गेला. पहलगामच्या बैसरन कुरणात हल्ल्याच्या दिवशी सुरक्षा का नव्हती, हा त्या सहा घरांचा प्रश्न होता.

पाचोऱ्यातल्या वाचकानं या सगळ्याकडे दिल्ली-मुंबईचं राजकारण म्हणून पाहू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ११३ नं दहशतवादी कृत्य प्रथमच रोजच्या फौजदारी कायद्यात आणलं. म्हणजे आता असा गुन्हा यूएपीएखाली नोंदवायचा की संहितेखाली, हा पर्याय पोलिसांकडे आहे. तो निवडण्याचा अधिकार कायद्यानं कुणाला दिलाय? पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला. १९९३ मध्ये ज्या खुर्चीवर विश्वास टाकला होता, त्याच खुर्चीवर तीस वर्षांनी पुन्हा टाकलाय. पाचोऱ्यापासून ती पन्नासेक किलोमीटरवर, जळगावात आहे. तिथला निर्णय कोणत्या कारणांनी घ्यायचा, ती कारणं लिहून ठेवायची का, चुकला तर जाब कुणाला द्यायचा, याबद्दल कलमात एक अक्षर नाही.

म्हणून पुढच्या वेळी मतं मागायला कुणी दारात आलं आणि दहशतवादाला ठेचून काढू म्हणालं, तर त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. अधीक्षकांच्या निर्णयाची लेखी कारणं आरोपपत्रासोबत कोर्टात ठेवणं सक्तीचं करणार का? अशा खटल्यांसाठी रोज चालणारी न्यायालयं आणि पुरेसे न्यायाधीश देणार का, म्हणजे बळींच्या घरच्यांना अठरा-वीस वर्षं ताटकळावं लागणार नाही? आणि निर्दोष सुटलेल्या माणसाच्या गेलेल्या वर्षांची भरपाई सरकार देणार का? पाचोरा जळगाव लोकसभा मतदारसंघात येतो. हे प्रश्न संसदेत मांडणारा प्रतिनिधी इथूनच जातो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर तयार आहे. चुकीच्या फौजदारी कारवाईत भरडलेल्या माणसाला भरपाई आणि पुनर्वसन मिळावं, अशी शिफारस विधी आयोगानं आपल्या २७७ व्या अहवालात केली. तो अहवाल ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे नाशिकच्या निकालाच्या सहा महिने आधी, केंद्र सरकारच्या हाती पडला. त्यावर अजून कायदा झालेला नाही.